निर्दोष सुटकेची चौकशी फौजदारापाशीच का थांबते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

११ जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांत १८० हून अधिक माणसे गेली. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवले, त्यातल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली. प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयात आहे, तेथे जे व्हायचे ते होईल. पण ‘तपास फसला’ असे म्हणून सगळे गप्प बसतात, आणि त्या तपासाच्या कागदांवर कोणत्या हुद्द्याच्या सह्या आहेत हे कोणी विचारत नाही, याची खंत वाटते.

हा खटला मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली चालला. त्याच्या कलम १८ नुसार कबुलीजबाब नोंदवणारा अधिकारी पोलीस अधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा चालत नाही. मुंबईत म्हणजे पोलीस उपायुक्त. कलम २३ नुसार मोक्का लावायलाच उपमहानिरीक्षक दर्जाची पूर्वमंजुरी लागते आणि न्यायालयाने दखल घेण्यापूर्वी अपर महासंचालक दर्जाची मंजुरी लागते. या तिन्ही सह्यांपैकी एकही पोलीस ठाण्यातली नाही. उच्च न्यायालयाला कबुलीजबाबांत एकसारखा मजकूर आढळला. ओळख परेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला तो अधिकारच नव्हता, असेही न्यायालयाने म्हटले. मंजुरी द्यायची तर सगळे कागद एका टेबलावर येतात. ही साम्ये तिथेच नजरेत भरायला हवी होती.

हे मोठ्या खटल्याचे झाले. साध्या खुनाच्या गुन्ह्यातही तेच घडते, फक्त तिथे वरिष्ठांची सहीदेखील नसते. गुन्हा दाखल झाला की उपविभागीय पोलीस अधिकारी किंवा सहायक आयुक्त घटनास्थळी भेट देतात, गाजलेला गुन्हा असेल तर अधीक्षकही येतात. संशय कोणावर धरायचा, कलमे कोणती लावायची हे तिथे आणि पुढे फोनवर ठरते. केस डायरीत मात्र तपासी अंमलदार ‘वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली’ एवढेच लिहितो. कोणाचे नाव नाही, वेळ नाही, काय सांगितले तेही नाही. आरोपीला केस डायरी मागता येत नाही, त्यामुळे ही मोकळी जागा कोणाला दिसतही नाही. पिंजऱ्यात उलटतपासणीला उभा राहतो तो तपासी अंमलदार, म्हणून निकालपत्रातले ताशेरेही त्याच्यावरच येतात.

मग कसुरी अहवाल, म्हणजे चूक कोणाची हे सांगणारा खात्याचा अहवाल, निघतो. मुद्देमालाचे सील नीट नव्हते, नमुने प्रयोगशाळेत उशिरा गेले, पंच फितूर झाले. मुद्देमाल कारकुनाची वेतनवाढ रोखली की फाईल बंद. नमुने उशिरा का गेले, हे त्या अहवालात नसते. रक्ताळलेले कपडे ओले असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधले तर त्यांना बुरशी लागते आणि डीएनए हाती लागत नाही. ते सावलीत वाळवून कागदी पाकिटात भरायचे असतात. ठाण्यात वाळवायला जागा नाही, पाकिटे संपलेली, आणि तपासी अंमलदार आठवडाभर बंदोबस्ताला, असे असेल तर चूक एकट्या कारकुनाची कशी? बंदोबस्ताचा आदेश वरूनच आलेला असतो. तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळे करा, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात २००६ मध्येच सांगितले होते.

नियम नाहीत असे नाही. वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा, तोंडी द्यावा लागलाच तर लगेच लेखी दुजोरा द्यावा, असे भारतीय पोलीस सेवेला लागू असलेल्या १९६८ च्या वर्तणूक नियमांत आहे. तोंडी आदेश मिळालेल्या या सेवेतल्या अधिकाऱ्याने लेखी दुजोरा मागावा, हेही त्यात आहे. पण ज्याची बदली आणि गोपनीय अहवाल त्या वरिष्ठाच्या हाती आहे, तो हवालदार किंवा फौजदार दुजोरा मागेल कसा? नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३० वरिष्ठांना ठाणे प्रमुखाचेच सगळे अधिकार देते. अधिकार सारखे आहेत, तर चौकशीही सारखी झाली पाहिजे.

७ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याला आदेश दिला: निर्दोष सुटकेचा प्रत्येक निकाल स्थायी समितीने तपासावा, जबाबदार अधिकारी शोधावा, चूक अनवधानाची की दोषास्पद हे नोंदवावे. समिती मात्र पोलीस आणि अभियोग खात्याच्याच वरिष्ठांची. आपल्याच बरोबरीच्या अधिकाऱ्यावर ठपका ठेवणे माणसाला जड जाते, आणि ‘तपास अधिकारी’ म्हणजे ज्याची दोषारोपपत्रावर सही तो, असा सोयीचा अर्थ लावायला वाव राहतो.

खरी अडचण मात्र निवृत्तिवेतन नियमांत आहे. महाराष्ट्रात १९८२ च्या नियमांतला नियम २७ आणि आयपीएस अधिकाऱ्यांसाठी १९५८ च्या नियमांतला नियम ६ एकच गोष्ट सांगतात: अधिकारी निवृत्त झाल्यावर विभागीय चौकशी सुरू करायची, तर घटना चार वर्षांच्या आतली हवी. ही चार वर्षे निकालापासून नाही, घटनेपासून मोजतात. २००६ च्या कागदातली चूक २०२५ च्या निकालात उघड होते, तोवर त्या वेळचे बहुतेक वरिष्ठ निवृत्त झालेले असतात. दुसऱ्या एका खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या सहा जणांना ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले, तेव्हा महाराष्ट्र सरकारला दोषी अधिकारी शोधून कारवाई करायला सांगितले. तिथेही अट तीच होती, अधिकारी अजून सेवेत असला पाहिजे.

म्हणून हा कालावधी निर्दोष सुटकेच्या निकालापासून मोजावा. राज्याचा नियम राज्य सरकार बदलू शकते, आयपीएसचा केंद्राने बदलावा. पर्यवेक्षकाने प्रत्येक भेटीनंतर केस डायरीत स्वतःच्या हाताने, तारीख-वेळ घालून सूचना लिहाव्यात. स्थायी समितीवर निवृत्त न्यायाधीश असावा.

तोवर वाचकांना एक करता येईल. दहा रुपये शुल्क भरून गृह विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. गेल्या पाच वर्षांत समितीच्या बैठका किती झाल्या, किती निकाल तपासले आणि कारवाई कोणावर झाली, हे हुद्द्यानुसार मागा. उत्तराची मुदत तीस दिवस आहे. शिपाई ते निरीक्षक एक रकाना आणि उपअधीक्षकापासून वर दुसरा, असा तक्ता अर्जातच आखून द्या.

एक वाचक