ईटीपीतून निसटणाऱ्या ईडीटीएचं काय?

महोदय,

आळंदीला इंद्रायणी फेसाळली की बातमी येते, फोटो छापले जातात, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लोक नमुने घेऊन जातात. ते व्हायलाच हवं. पण फेस निदान दिसतो तरी. ईडीटीए नावाचं रसायनही उद्योगांच्या सांडपाण्यातून नदीला मिळतं. त्याला ना रंग ना वास, आणि सांडपाण्याच्या आपल्या सर्वसाधारण मानकांत त्याचं नावही नाही. माझी सगळी नोकरी प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर) झाली, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

ईडीटीएचा गुण एकच. तो धातूला चहूबाजूंनी पकडतो आणि पाण्यात विरघळलेला ठेवतो. जर्मनीत १९३५ साली फर्डिनांड म्युन्झ यांनी तो कापडउद्योगातल्या जड पाण्यावर उपाय म्हणून तयार केला. आज कापड धुण्या-रंगवण्याच्या प्रोसेस हाऊसमध्ये तो ‘सिक्वेस्टरिंग एजंट’ म्हणून जातो, बॉयलरची खपली काढायला वापरतात, सर्किट बोर्डावर तांबं चढवण्याच्या बाथमध्ये लागतो. द्राक्षबागायतदार ज्याला चिलेटेड झिंक म्हणतात त्यात तोच असतो, आणि खत नियंत्रण आदेशाप्रमाणे त्या पुडीत किमान १२ टक्के जस्त असावं लागतं. बागेत त्याचा उपयोगच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. शिशाची विषबाधा झालेल्या रुग्णालाही त्याचंच एक रूप औषध म्हणून देतात. तेव्हा हे जहाल विष आहे असं मी म्हणत नाही. अडचण आहे ती सांडपाण्यात.

ईटीपीवर रोज जार टेस्ट करतात, म्हणजे थोड्या सांडपाण्यात रसायनं घालून गाळ कसा बसतो ते बघतात. साध्या तांब्याच्या पाण्यात चुना टाकून सामू नऊ-दहापर्यंत नेला, थोडं पॉली (गाळ एकत्र आणणारं पॉलिमर) सोडलं, की निळसर गाळ बघता बघता खाली बसतो आणि वरचं पाणी नितळ होतं. ईडीटीए असलेल्या पाण्यात कितीही चुना ओता, तळाला चुनाच साचतो आणि पाणी निळंच्या निळं राहतं. मग छोट्या कारखान्यात काय होतं, ते या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. धुण्याचं पाणी त्यात मिसळायचं, तांबं लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली आणायचं आणि सोडून द्यायचं. कागदावर सगळं नियमात.

त्याहून मोठी गोची अनेक कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणाऱ्या सामायिक प्रक्रिया केंद्रात होते. एका कारखान्याच्या पाण्यात धातू नाही, फक्त ईडीटीए आहे, म्हणून तो नियमात बसतो. शेजारच्याच्या पाण्यात जस्त आणि निकेल मर्यादेत आहे, तोही बसतो. दोघांचं पाणी एकाच गटारात आलं की ईडीटीए त्या धातूंना धरतो, आणि केंद्रात जे एरवी गाळात बसलं असतं तेही पुढे निघून जातं. पुढच्या टाकीतले जिवाणूही त्याला फारसे खात नाहीत. जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात हे मोजणाऱ्या बीओडीच्या तीन दिवसांच्या चाचणीत तो जवळजवळ दिसतच नाही. रसायनाने ऑक्सिजनची मागणी मोजणाऱ्या सीओडीत दिसतो, पण तो आकडा कशामुळे वाढला हे सीओडीवरून कळत नाही. नदीत लोहाशी बांधलेला ईडीटीए उन्हाने तुटतो हे खरं, पण निकेलशी बांधलेला चिवट असतो, आणि आपल्या गढूळ नद्यांत ऊन तरी किती खोल जातं?

जर्मनीत सरकार आणि उद्योगांनी नद्यांमधला ईडीटीए निम्म्यावर आणायचं १९९१ मध्ये ठरवलं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ०.६ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. पर्यायही बाजारात आहेत. जीएलडीए हा धातू पकडणारा पर्याय तर मोनोसोडियम ग्लुटामेटपासून बनतो आणि निसर्गात लवकर विघटित होतो. महाग पडतो, हे मान्य. पण पर्याय घाईत निवडू नये. अमेरिकेने फॉस्फेटऐवजी डिटर्जंटमध्ये घातलेला एनटीए, हाही धातू पकडणाराच, १९७० मध्येच थांबवला होता, आणि पुढे त्याची गणना संभाव्य कर्करोगकारकांत झाली.

लहान प्लेटिंगवाल्यांना नुसती नोटीस देऊन हे सुटणार नाही. त्यांना उपाय शिकवायला हवा. ईडीटीएचं पाणी बाकीच्या पाण्यात मिसळू न देता वेगळ्या टाकीत घ्यायचं, आम्लात लोहक्षार घालून आधी तांबं सोडवायचं आणि मगच चुना द्यायचा. निकेलला बहुतेक वेळा फेंटनसारखी, म्हणजे लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने ईडीटीएच तोडणारी प्रक्रियाच लागते. हे दहा बाय दहाच्या शेडमध्येही जमतं, फक्त दोन नळ वेगळे काढायची तयारी हवी. सामायिक केंद्राने असं पाणी टँकरने वेगळं घेतलं तर आणखी सोपं.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे माझी मागणी आहे की कारखाना चालवायच्या संमतीपत्राच्या अर्जात धातू बांधणाऱ्या रसायनांचं नाव आणि महिन्याचा वापर लिहिणं सक्तीचं करावं. इचलकरंजी, तारापूर आणि डोंबिवलीच्या सामायिक केंद्रांत येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्यात ईडीटीए मोजायला याच वर्षी सुरुवात करावी आणि ते आकडे मंडळाच्या संकेतस्थळावर टाकावेत. मर्यादा किती ठेवायची, हे त्या आकड्यांवरून ठरवता येईल.

आपला,
एक निवृत्त ईटीपी ऑपरेटर, भोसरी