नाणेघाटाच्या वाटेवरून

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "त्या नाणेघाटात सारखं काय बघायला जातोस?" मागे कंटेनरच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते, तुला कस्टमचं काहीतरी तातडीचं होतं आणि मला हे उत्तर दोन वाक्यांत उरकायचं नव्हतं. म्हणून सवडीने लिहायला बसलोय. उभं आयुष्य तू न्हावा शेव्याला मालाच्या कागदपत्रांत काढलंस. या घाटाची गोष्ट तुझ्याच धंद्याची आहे, फक्त दोन हजार वर्षं जुनी.

आधी वाट डोळ्यांसमोर आण. पैठणहून निघालेला माल जुन्नरला यायचा, तिथून नाणेघाट उतरून कोकणात, मग कल्याण किंवा सोपाऱ्याच्या बंदरात. सह्याद्रीच्या भिंतीत असे घाट पुष्कळ आहेत, पण या एका घाटाच्या राखणीला चावंड, हडसर, जीवधन आणि शिवनेरी असे चार किल्ले उभे आहेत. यावरूनच इथून काय जात असेल याचा अंदाज येतो.

बहुतेक लोक हल्ली जुन्नरहून गाडीने थेट माथ्यावर येतात, कड्यावर फोटो काढतात, रांजण बघतात आणि परत फिरतात. माझं ठाम मत आहे की हा घाट खालूनच चढला पाहिजे. कल्याणहून आळेफाट्याकडे जाणाऱ्या एसटीने वैशाखऱ्याच्या पुढे उतरायचं. सुरुवातीला झाडीतली सपाट वाट, मग ओढा, आणि मग खरी चढण. नानाचा अंगठा, म्हणजे अंगठ्यासारखा दिसणारा सुळका, पहिल्यापासून समोर दिसत राहतो आणि बराच वेळ जवळ येतच नाही. दम लागतो, खांद्यावरची सॅक जड होते, आणि तेव्हाच कळतं की इथे बैलगाडी चालणंच शक्य नाही. म्हणजे गाडीतला माल माथ्यावर उतरवायचा, जनावरांच्या किंवा माणसांच्या पाठीवर लादायचा, आणि खाली पुन्हा बांधाबांध. माल एका वाहनातून दुसऱ्यात हलवताना काय काय होतं हे तुला मी सांगायला नको.

माथा थोडा उरला की लेणं लागतं. आत तिन्ही बाजूंनी दगडी बाक आहे आणि डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख. सातवाहन राणी नागनिकेचा. सातवाहन राजा सातकर्णीची ती पत्नी, महारठी म्हणजे मोठ्या सरदाराची मुलगी. किती यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणं (त्या काळची नाणी) दिली, याचा हिशेब तिने भिंतीवर मांडलाय. एका ठिकाणी २४,४०० कार्षापणांचा आकडा आहे. भारतात कोरलेल्या सर्वांत जुन्या आकड्यांत यांची गणना होते; शून्य नाही, दहाला, शंभराला, हजाराला वेगळी चिन्हं. पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी १८७० च्या दशकात या आकड्यांचा अभ्यास करून लिहिलं. मागच्या भिंतीवर सातवाहनांचा मूळपुरुष सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि राजकुमारांचे पुतळे होते. आता वर नावं वाचता येतात आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात.

भर व्यापारी वाटेवर, बाजारमाणसं टेकायची त्या जागी, राणीने आपली सगळी श्रीमंती लिहून ठेवली. मोठं धोरणी काम आहे हे. कोकणातून धापा टाकत वर आलेल्या परक्या व्यापाऱ्याला पहिल्या विसाव्यालाच कळायचं, आपण कोणाच्या मुलखात पाऊल टाकतोय.

पण अव्या, मी तिथे जातो तो या लेखासाठी नव्हे. मी जातो टाक्यांसाठी.

लेण्याच्या आसपास कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. त्यांतल्या एकावर छोटासा लेख आहे: सोपाऱ्याच्या गोविंददासाने हे टाकं दान दिलं. बस्, एवढंच. राजाचं नाव नाही, यज्ञ नाही, दक्षिणा नाही. मी टाक्याच्या काठावर वाकून बघतो तेव्हा छिन्नीचे तिरपे घाव अजून दिसतात, पाण्याच्या रेषेखालीही उतरत गेलेले. हा गोविंददास कोण होता, याची दुसरी नोंद नाही. सोपारा म्हणजे आपलं नालासोपारा. समुद्रकाठच्या गावाचा माणूस, आणि पाणी दिलं कुठे? तर घाटाच्या ऐन चढणीवर. ही चढण त्याच्या पायांनी अनुभवली असणार. या जागी घसा कसा कोरडा पडतो हे ठाऊक असल्याशिवाय कोणी इथे पैसे घालत नाही.

एकदा हे डोक्यात बसलं की पुढच्या वाटेवर सगळीकडे पाणीच दिसायला लागतं. जुन्नरच्या लेण्यांत एका यवनाचा, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या परदेशी माणसाचा लेख आहे, नाव इरिल. त्याने दोन टाकी दिली. दुसऱ्या एका यवनाने, चिटाने, भिक्षुसंघाला भोजनमंडप बांधून दिला. तिथेच मानमोडीच्या डोंगरात क्षत्रप (पश्चिम भारतातले शक राजे) नहपानाचा अमात्य, म्हणजे मंत्री, अयम याचा लेख आहे, वर्ष ४६, दान पुन्हा टाकं आणि मंडप. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनेही, म्हणजे संघानेही, लेणं आणि टाकं दिलंय. आणि नाशिकच्या पांडवलेण्यात नहपानाचा जावई उषवदात सांगतो की भरुच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे त्याने वाटसरूंसाठी निवारे बांधले, विहिरी आणि तळी खोदली, आणि दमण, तापी, डहाणूकडच्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या.

क्षत्रप आणि सातवाहन एकमेकांचे हाडवैरी. याच घाटांवरून आणि बंदरांवरून त्यांची झुंज चालली होती. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारून घेतला होता. राज्य गेलं, नाणं बदललं. टाक्यांवर मात्र कोणी ठसा मारला नाही. जो मालक येईल त्याने ती तशीच वापरली. मला वाटतं, या वाटेला खरी वाट कोणी केली असेल तर या टाक्यांनी. किल्ल्यांमुळे जकात वसूल झाली असेल, पण माणूस चढून आला तो वर पाणी आहे या भरवशावर.

आता तुझ्या कामाची गोष्ट. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने या समुद्राची माहिती लिहून ठेवली, ती पेरिप्लस या नावाने ओळखली जाते. त्यात तो सांगतो, पैठण भरुचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिवजवळचं तेर. पैठणहून अकीकासारखे दगड, तेरहून सुती कापड आणि मलमल, सगळं गाड्यांवरून, जिथे धड रस्ता नाही अशा मुलखातून. कल्याणबद्दल तो जे लिहितो ते वाचून मला तूच आठवलास. पूर्वी थोरल्या राजाच्या काळात कल्याण राजरोस बाजारपेठ होती; पण नंतर बंदर दुसऱ्याच्या ताब्यात गेलं, व्यापाराला अडसर आला, आणि चुकून तिथे लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भरुचला नेलं जाऊ लागलं. विचार कर, कल्याणच्या गोदीतल्या हमालावर आणि जुन्नरच्या अडत्यावर त्या मोसमात काय प्रसंग ओढवला असेल. माल घाटमाथ्यावर बांधून तयार आणि खाली जहाज नाही.

पुढे शतकानुशतकं या वाटेने मीठ वर आलं, धान्य खाली गेलं. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये तिथूनच रेल्वे चढली, आणि वर्दळ तिकडे वळली. माथ्यावरच्या नळीतून, दगड रचलेल्या त्या अरुंद खिंडीतून, आता शनिवार-रविवारी आपल्यासारखे लोक जातात. बाहेर पडताच तो दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकत, असं गावकरी सांगतात. खरं दुःख पुढचं आहे. गेल्या खेपेला एका टाक्यात प्लास्टिकच्या बाटल्या तरंगत होत्या. पाणी पिऊन रिकाम्या झालेल्या बाटल्या, त्याच पाण्यात फेकलेल्या! मी आणि बरोबरच्या पोरांनी हाताला लागतील तेवढ्या काढल्या. फार वाईट वाटलं रे. गोविंददासाने आपल्या पदरचं घालून वाटसरूला पाणी दिलं आणि आपण त्याची ही परतफेड करतोय.

तर माझा बेत असा आहे. डिसेंबरात दोन-तीन दिवस काढ. सुरुवात सोपाऱ्याच्या स्तूपापासून करू. तोही भगवानलालांनीच १८८२ मध्ये खोदला होता, आणि आत सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं निघालं होतं. रात्री कल्याणला माझ्याकडे मुक्काम, पहाटेची एसटी, उन्हं तापायच्या आत घाट. वर घाटघरला जेवणाची सोय होते, पिठलं-भाकरी छान मिळते. दुसऱ्या दिवशी जुन्नर, इरिलाची टाकी आणि मानमोडी. सवड मिळाली तर लेण्याद्रीही. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, आपण सावकाश चढू, बसायला बाक आहेत. बूट चांगल्या पकडीचे घे, कारण नळीतले दगड गुळगुळीत झालेत. आणि एक मोठी गोणपाटाची पिशवी आण, बाटल्या खाली आणायला लागेल.

वहिनींना नमस्कार. त्या आल्या तर उत्तमच, पण तारीख मात्र तूच कळव, म्हणजे मी घाटघरला जेवणाचं सांगून ठेवतो.

तुझा,
दिन्या