सूचना : टोपणनावाने लिहिणाऱ्या विकिपीडिया सदस्यांसाठी

मराठी विकिपीडियावर टोपणनाव खुशाल घ्या, पण त्यात आडनाव किंवा जन्मसाल गुंफू नका. पुढे नाव बदलून घेतले तरी जुने नाव नोंदींत राहते. वादात दुसऱ्या खात्यातून स्वतःचीच री ओढू नका. तपासनीसांना, म्हणजे खात्यांची तांत्रिक तपासणी करण्याचा अधिकार असलेल्या सदस्यांना, ९० दिवसांपर्यंतचे आयपी पत्ते पाहता येतात, आणि लिहिण्याची लकब तर लपतच नाही. कॉमन्सवर (विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहावर) फोटो चढवण्याआधी त्यातले जीपीएस स्थान पुसा. अंगणातल्या जास्वंदीसोबत घराचा ठावठिकाणाही जातो, आणि नवी प्रत चढवली तरी जुनी फाइल-इतिहासात उघडता येते. खात्याला ईमेल जोडा, नाहीतर पासवर्ड विसरल्यावर इतक्या वर्षांची पत त्या नावातच अडकेल. ईमेल स्वतंत्र असावा : ‘सदस्याला ईमेल’ ही सोय वापरल्यास समोरच्याला तुमचा पत्ता दिसतो.