लखलखत्या प्रकाशाची पूर्वसूचना न दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
डिजिटल चित्रप्रदर्शन, पणजी.

महोदय,

गेल्या रविवारी दुपारी साडेतीनच्या खेळाला मी, माझे यजमान आणि आमची १४ वर्षांची मुलगी असे तिघे फोंड्याहून आलो होतो. मुलीला अपस्मार आहे. औषधे नियमित चालू असून गेले १४ महिने तिला एकदाही फिट आलेली नव्हती. लखलखत्या प्रकाशाने तिला त्रास होतो, हे तपासणीत निष्पन्न झालेले असल्यामुळे पैसे भरण्यापूर्वीच मी तिकीट खिडकीवर स्पष्ट विचारले होते की आत कुठे दिवे वेगाने उघडझाप करतात का. "नाही बाई, भिंतींवर चित्रं सावकाश फिरतात, लहान मुलंसुद्धा बसतात," असे उत्तर मिळाले. तिकिटावर, दारावरच्या फलकावर किंवा तुमच्या जाहिरातीत सूचनेचा एक शब्दही नाही. घरी आल्यावर मी ते पुन्हा पुन्हा तपासले आहे.

सुरुवातीचा भाग खरोखर सुंदर होता, हे मी मोकळेपणाने नमूद करते. व्हॅन गॉग यांनी १८८९ साली सेंट रेमीच्या रुग्णालयात असताना रंगवलेली ती ताऱ्यांची रात्र मुळात मीटरभर रुंदही नाही. ती चारही भिंतींवर आणि पायाखालच्या जमिनीवर पसरली, तेव्हा आमची मुलगी चवड्यांवर उभी राहून निळ्या भोवऱ्यावर तळहात टेकवत होती. सेंट रेमीच्या डॉक्टरांनी व्हॅन गॉग यांच्या झटक्यांचे निदान अपस्मार असेच केले होते, हे वाचल्यापासून हा चित्रकार तिला आपला माणूस वाटतो आणि म्हणूनच तिने या प्रदर्शनाचा हट्ट धरला होता.

त्यानंतर १८९० मधले, कावळे उडत असलेले गव्हाचे शेत आले. त्या चित्रात काळवंडलेले आभाळ आहे, वीज नाही. तुमच्या दालनात मात्र पांढऱ्या विजा सलग अर्धा मिनिट लखलखत राहिल्या. सेकंदाला ३ पेक्षा अधिक वेळा लखलखाट नसावा, हा निकष संकेतस्थळांसाठीदेखील मान्य झालेला आहे. येथे तर वेग त्याहून कितीतरी अधिक होता. घरी दूरचित्रवाणी पाहताना मान फिरवता येते, तुमच्या दालनात जिकडे मान फिरवावी तिकडे तोच प्रकाश. नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण प्रकाश पापण्यांतून आत जातो, म्हणून डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे मी तिचा एक डोळा तळहाताने पूर्ण झाकला आणि तिला दाराकडे नेले. दार काळ्या पडद्यामागे होते, बाहेर जाण्याच्या खुणेचा दिवा बंद होता, आणि तेथील मुलगा खेळ संपेपर्यंत दार उघडता येणार नाही असे सांगत राहिला. शेवटी यजमानांनी ते ढकलून उघडले.

बाहेरच्या पायपुसण्यावर तिला फिट आली. ती दीड मिनिट टिकली. तुमचा एक कर्मचारी तिच्या दातांत चमचा घालायला धावला. त्याचा हेतू चांगला असला तरी तसे कधीही करायचे नसते, त्याला मला हाताने अडवावे लागले. तिच्या मुठीत चुरगळलेले तिकीट अजून माझ्यापाशी आहे. सलग २ वर्षे फिट आली नाही तर औषध कमी करण्याचा विचार करू, असे डॉक्टर म्हणाले होते. आता ती मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाली आहे.

परतावा मागितला असता तिकीट वापरले गेल्याचे सांगण्यात आले. विचारूनही चुकीची माहिती देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी आहे, असे माझे म्हणणे आहे. तिन्ही तिकिटांची रक्कम आणि सोबत जोडलेल्या औषधोपचाराच्या बिलांची भरपाई तर द्यावीच, परंतु त्याहून आधी तिकीट खिडकीवर मराठी, कोकणी व इंग्रजीत ठळक सूचना लावावी, बाहेर जाण्याच्या खुणेचा दिवा चालू ठेवावा आणि फिट आलेल्या माणसाला कुशीवर कसे वळवावे, हे कर्मचाऱ्यांना शिकवावे. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

राहिलेला अर्धा खेळ विजांशिवाय कधी पाहता येईल, असे मुलगी विचारते आहे. त्याचेही उत्तर त्याच पत्रात द्यावे.

आपली,
एक पालक, फोंडा