कार्ब्युरेटर उघडण्याआधी हवा कुठून शिरते ते पाहा

महोदय,

जुनी मोटारसायकल आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न देता संथ चालण्याला) टिकेना की पहिला पाना कार्ब्युरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर पडतो. वर्तमानपत्रांतल्या वाहनविषयक सल्ल्यांतही 'कार्ब्युरेटर साफ करून घ्या' हे एकच औषध सगळ्या दुखण्यांवर सुचवलेले असते. कार्ब्युरेटर आणि सिलिंडर हेड यांच्या मधल्या रबरी मॅनिफोल्डकडे (जोडनळीकडे) मात्र कोणी पाहत नाही. वर्षानुवर्षे इंजिनाची धग खाऊन हे रबर कडक होते. त्याच्या भेगा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, काढून वाकवले की उघडतात. तिथून शिरणारी जादा हवा पेट्रोलचे प्रमाण बिघडवते.

लक्षणे ओळखीची आहेत. चोक ओढला की गाडी चालते, मिटला की बंद पडते. ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस वरच राहते आणि सावकाश उतरते. मात्र रेस वर राहते म्हणून लगेच हवेवर खापर फोडू नये. आधी केबलला थोडा ढिलेपणा आहे ना ते बघावे आणि इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. रेस बदलली तर दोष केबलचा.

तो नसेल तर इंजिन आयडलिंगला ठेवून मॅनिफोल्डच्या जोडांवर कार्ब्युरेटर क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारावा. रेस चढली किंवा पडली तर तिथूनच हवा शिरते आहे. फवारा एअर फिल्टरच्या तोंडाकडे गेला तर निष्कर्ष खोटा निघतो. तापलेल्या सायलेन्सरवर किंवा प्लगच्या ठिणगीशी गेला तर आग लागते, म्हणून हे काम उघड्यावरच करावे. हवा सापडली तर रबर, जोडातली ओ-रिंग (रबरी कडी) आणि व्हॅक्यूम नळीवरची छोटी टोपी तिन्ही तपासावीत. बोल्ट जास्त आवळल्याने फ्लँज (मॅनिफोल्डची बोल्टने आवळायची सपाट कड) कधी वाकलेली असते; ती सपाट काचेवर ठेवली की फट दिसते. भेगेवर सिलिकॉन थापणे निरुपयोगी, कारण पेट्रोल ते सोडवते आणि तुकडे आत जातात.

इथे हवा नाही असे ठरले की मग पायलट जेट, म्हणजे आयडलिंगचे पेट्रोल सोडणारी कार्ब्युरेटरमधली बारीक तोटी. पेट्रोल भरून गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की याचे बारीक भोक राळेसारख्या थराने बुजते. उजेडासमोर धरल्यावर भोक पूर्ण गोल दिसले पाहिजे. पोलादी तार घालू नये. भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे किंवा त्याहून बारीक असते, ओरखडा पडला की प्रमाण कायमचे बिघडते. क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या दाबाने साफ करावे. नुसता जेट साफ करणे पुरेसे नाही, कार्ब्युरेटरच्या बॉडीतले मार्गही फुंकावे लागतात, आणि हेच बहुतेक वेळा राहून जाते.

आयडलिंगचे मिश्रण ठरवणाऱ्या मिक्स्चर स्क्रूबद्दलचा गोंधळ तर सार्वत्रिक आहे. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर सहसा तो पेट्रोल मोजतो, बाहेर काढला की मिश्रण गडद होते, म्हणजे पेट्रोल वाढते. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा मोजतो, तिथे उलटे. काढण्याआधी हलक्या हाताने आत बसवून फेरे मोजून लिहून ठेवावेत. जुळवणीची सुरुवात पूर्ण आत बसवून दीड-दोन फेरे बाहेर काढून, इंजिन तापल्यावर. पेट्रोल मोजणारा स्क्रू पूर्ण आत बसवूनही इंजिनावर काहीच फरक पडत नसेल, तर पेट्रोल दुसरीकडून येते आहे: फ्लोटची (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची उंची राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी चढलेली, चोक नीट न मिटणारा किंवा आयडलिंगचा स्क्रू इतका चढवलेला की स्लाइड (ॲक्सिलरेटरने वर-खाली होणारी झडप) उघडीच राहते.

मोठा मेन जेट (पूर्ण वेगाला पेट्रोल देणारा) टाकून आयडलिंग सुधारत नाही. ॲक्सिलरेटर पाव उघडेपर्यंत मुख्यतः पायलटचे राज्य, पाव ते पाऊण स्लाइडला लटकलेल्या सुईचे, त्यापुढे मेन जेटचे. मुठीवर चिकटपट्टीच्या खुणा करून गाडी नेमकी कुठे अडखळते ते पाहिले तर निम्मे निदान तिथेच होते. सुईची क्लिप वरच्या खाचेत सरकवली की सुई खाली जाते आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे पेट्रोल कमी होते. इथेही लोक उलटे समजतात.

गाडी काही अंतर नीट चालून मग गुदमरत असेल तर बंद पडताच टाकीचे झाकण उघडावे. 'फुस्स' आवाज होऊन गाडी पुन्हा चालली, तर झाकणाचे हवेचे भोक बुजलेले आहे. कार्ब्युरेटरला हात लावण्याचे कारण नाही.

आपला,
एक वाचक