ते सगळे बॉल मीच टाकले होते

वेस्ट ब्रॉमविच,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बाळ्या,

गेल्या दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन फोन आले तेव्हा मी शिफ्टवर होतो, आणि मग उद्या करतो, परवा करतो म्हणत राहून गेलं. शिव्या भेटल्यावर घाल, आत्ता आधी हे वाच. माझी तब्येत बरी आहे. शुगर गोळीवर आहे, डावा गुडघा थंडीत धरतो. झालं.

दादाबद्दल लिहितोय. घरात कुणाशी बोलता येत नाही. ही म्हणते, वय झालं की माणूस विसरतोच. पोरांना दादाकाका म्हणजे भेटल्यावर गालगुच्चे घेणारे काका, एवढंच माहीत. त्याला फुटबॉलच्या मैदानात कॉर्नरला हवेत बघितलेली माणसं आता तू आणि मी, आणखी दोघं-तिघं असतील.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉल केला होता. दादा मजेत होता, वहिनी मागं चहा गाळत होत्या. मी नेहमीसारखा आपल्या त्या फायनलचा विषय काढला, कारण तो निघाला की दादा खुलतो. दादा म्हणाला, "कुणी मारला रे तो गोल?" मला वाटलं, चेष्टा करतोय. म्हटलं, "तूच की!" तर तो हसला. लग्नात कुणी अनोळखी माणूस खांद्यावर हात टाकून "ओळखलंत का?" म्हणतो, तेव्हा आपण हसतो ना, तसं हसला. मग वहिनींकडं वळून म्हणाला, "हा काय म्हणतोय बघ." वहिनींनी फोन घेतला, स्वयंपाकघरात गेल्या आणि हळू आवाजात सांगितलं, चार महिने झाले. मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय काढलाय, गोळ्या चालू आहेत. मंडईतून येताना गल्ली चुकतो. आपल्या पेठेत, बाळ्या! जिथं तो रात्री लाइट गेल्यावर पळत घरी यायचा.

तुला हे माहीत होतं का? असेल तर मला का सांगितलं नाहीस, हे भांडण नंतर करू.

मी कामाला जातो ती बस हॉथॉर्न्सच्या स्टेडियमवरून जाते. तिथं बर्मिंगहॅम रोडच्या बाजूला जेफ ॲसलच्या नावाचं लोखंडी फाटक आहे. इतकी वर्षं मी ते बघत आलोय, पण या आठवड्यात बस तिथं आली की मान खाली घालतोय. ॲसल इथला देव. लोक त्याला राजा म्हणायचे. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनसाठी ३६१ सामन्यांत १७४ गोल. १९६८ च्या एफए कपात प्रत्येक फेरीत त्याचा गोल होता, आणि एव्हर्टनविरुद्धच्या फायनलचा एकुलता एक गोलही त्याचाच, जादा वेळेत, डाव्या पायानं. पण त्याची खरी ख्याती हेडची, डोक्यानं मारलेल्या गोलांची. इंग्लंडकडून पाचच सामने खेळला, गोल एकही नाही. १९७० च्या वर्ल्ड कपात ब्राझीलविरुद्ध बदली म्हणून उतरला आणि समोरची संधी बाहेर घालवली, ती लोकांनी जन्मभर लक्षात ठेवली. खेळ संपल्यावर त्यानं खिडक्या पुसण्याचा धंदा काढला. २००२ च्या जानेवारीत गेला, वय ५९. त्याची मुलगी सांगते की शेवटी शेवटी आपण फुटबॉल खेळायचो हेच बाबांना ठाऊक नव्हतं. त्याच वर्षी मृत्यूची सरकारी चौकशी झाली आणि अधिकाऱ्यानं कारण लिहिलं, धंद्यातून जडलेला आजार. गिरणीतल्या माणसाला धुळीनं छाती धरते तसा बॉल डोक्यावर घेऊन घेऊन जडलेला. २०१४ मध्ये ग्लासगोच्या एका डॉक्टरनं त्याचा मेंदू पुन्हा तपासला, तेव्हा बॉक्सर लोकांच्या मेंदूत सापडतो तो रोग निघाला. तो रोग माणूस जिवंत असताना पक्का सांगताच येत नाही, मेल्यावर मेंदू उघडला की कळतो. म्हणून दादाला तेच झालंय असं मी म्हणत नाही, आणि कुणी डॉक्टरही म्हणणार नाही. पण माझ्या डोक्यातून ते जात नाही.

तुला गांधी मैदान आठवतं? जूनमध्ये अर्धं मैदान पाण्यात, आणि आपण उरलेल्या अर्ध्यात. तो चामड्याचा, लेस बांधलेला बॉल. पाणी पिऊन असा जड व्हायचा की माझा क्रॉस पेनल्टीच्या खुणेपर्यंत जेमतेम पोचायचा. आणि दादा, बचावातला स्टॉपर असून, सगळ्यांचा सराव संपल्यावर मला थांबवायचा. "शंभर टाक." मी उजवीकडून टाकायचो, तो पळत येऊन हेड मारायचा, तू गोलात. तू खडे ठेवायचास, आठव. प्रत्येक हेडला एक खडा, पोस्टच्या बुडाशी. आणि खडे मोजताना तू लबाडी करायचास, नव्वदलाच शंभर म्हणायचास, कारण तुला भूक लागलेली असायची. त्यावरून मी तुला एकदा ढकललं होतं आणि तू चिखलात बसलास. आता वाटतं, तू सत्तरलाच शंभर म्हटलं असतंस तर किती बरं झालं असतं.

एकदा लेसची गाठ त्याच्या कपाळावर उमटली होती. आईनं हळद लावली, आणि दादा दुसऱ्या दिवशी पिवळं कपाळ घेऊन परत मैदानात. "टाक."

बाळ्या, ते सगळे बॉल मी टाकलेत. शंभर धर, आठवड्याचे चार दिवस, किती वर्षं. रात्री झोप येत नाही तेव्हा मी तो हिशेब मांडतो आणि अर्ध्यात सोडतो.

इंग्लंडच्या १९६६ च्या वर्ल्ड कप जिंकलेल्या टीमचा फोटो तुझ्या घरी भिंतीवर होता, तुझ्या काकांनी मासिकातून कापून लावलेला. ३० जुलै, वेम्बली, पश्चिम जर्मनीवर ४-२. तू त्यातला गोलकीपर गॉर्डन बँक्स, दादा स्टॉपर जॅक चार्लटन, मला मात्र तुम्ही कुणीच होऊ दिलं नाही, कारण त्या टीममध्ये माझ्यासारखे कडेनं पळणारे विंगरच नव्हते. त्या अकरातल्या पाच जणांना स्मृतिभ्रंश झाला. रे विल्सन, मार्टिन पीटर्स, नॉबी स्टाइल्स आणि दोन्ही चार्लटन भाऊ. अकरातले पाच! विल्सनचं तर बघ, जर्मनीचा पहिला गोल झाला तो त्याच्याच हेडमुळं. क्रॉस नीट बाहेर काढता आला नाही आणि बॉल सरळ हालरच्या पायाशी. तो माणूस पुढं अंत्यविधीची कामं करायचा, २००४ मध्ये त्याला अल्झायमर असल्याचं कळलं, २०१८ मध्ये गेला. स्टाइल्स, हातात कप घेऊन, पुढचे दात नसलेला, मैदानभर नाचणारा तो, त्यानं आपली पदकं आधीच विकून टाकली होती, घरच्यांना पैसे व्हावेत म्हणून. बॉबी चार्लटन गेला तेव्हा, म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरात, मी कामावर होतो. इथले पन्नाशी-साठीचे लोक मशीन बंद करून उभे राहिले. त्या अकरातला आता एकटा जेफ हर्स्ट उरलाय.

२०१९ मध्ये स्कॉटलंडच्या साडेसात हजारांवर जुन्या खेळाडूंचा अभ्यास झाला. मेंदू झिजण्याच्या रोगांनी मरण्याचं प्रमाण इतर लोकांपेक्षा साडेतीन पट. पुढं मैदानातल्या खेळण्याच्या जागेनुसार पाहिलं, तर बचावपटूंना हा रोग होण्याचं प्रमाण पाच पट आणि गोलकीपरला इतरांइतकंच. तू सुटलास, मर्दा. तुला आम्ही आळशी म्हणायचो, तू म्हणायचास, मी हातानं खेळतो, तुम्ही डोक्यानं खेळता आणि तरी डोकं नाही तुम्हाला. त्यावर दादा किती हसायचा.

आणखी एक सांगतो, मग विषय सोडतो. सोडवणार नाही, पण बघतो. रग्बीचा स्टीव्ह थॉम्सन. २००३ ला सिडनीत इंग्लंडनं ऑस्ट्रेलियाला २०-१७ हरवून वर्ल्ड कप जिंकला. जादा वेळेचं शेवटचं मिनिट, विल्किन्सनची ती किक सगळ्या जगानं पाहिली. ती जिथून सुरू झाली तो लाइनआउटचा बॉल, म्हणजे बाहेर गेलेला बॉल रांगेतल्या खेळाडूंकडं परत आत फेकतात तो, थॉम्सननं फेकला होता, लांब, पार मागच्या माणसापर्यंत, आणि अचूक. २०२० मध्ये, बेचाळीस वर्षांचा असताना, त्यानं सांगितलं की त्याला स्मृतिभ्रंश सुरू झालाय आणि तो वर्ल्ड कप जिंकल्याचं काहीच आठवत नाही. टीव्हीवर सामना बघतो तर तिथं दुसराच कुणीतरी खेळतोय असं वाटतं. हे मी तेव्हा वाचलं होतं, वाईट वाटलं आणि पान उलटलं. परवा दादाचं ते हसणं बघितल्यावर कळलं, काय वाचलं होतं ते.

तुझ्या लेकीचं ठरलं हे वहिनींकडूनच कळलं. फार आनंद झाला, पोरगा सांगलीचा आहे म्हणे, असू दे, सांगलीतही चांगली माणसं असतात. तारीख कळव. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं? दुकान पोराकडं दिलंस ते योग्य केलंस.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. वहिनी म्हणाल्या, दादा अजून रोज पहाटे मैदानात जातो आणि तालमीच्या लहान पोरांना शिकवतो. तुझा नातूही असतो. रांगेत उभं करून हेड मारायला लावतो, आणि ते त्याला बरोबर आठवतं. हात कुठं, मान कशी, बॉल येईपर्यंत डोळे उघडे. गल्ली विसरतो आणि हे विसरत नाही. इथं इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयाच्या पोरांना सरावात हेड मारू देऊ नका म्हणून सांगितलंय, आणि २०२४-२५ पासून लहान गटांच्या सामन्यांतूनही हेड टप्प्याटप्प्यानं बंद करतायत. मोठ्या व्यावसायिक खेळाडूंनाही सरावात जोराचे हेड आठवड्याला दहाच. दहा, बाळ्या. आपले दहा पहिल्या दोन मिनिटांत व्हायचे.

दादाला मैदानातून उठवू नको. पहाटेचे ते दोन तास त्याच्याकडून काढून घेतले तर त्याच्याकडं राहतं काय? पण हेड बंद कर. मी सांगितलं तर तो ऐकणार नाही, मी धाकटा. तू सांग. कारण नको सांगू. म्हण, बॉल जमिनीवर ठेवून खेळणारी पोरं हवीत, पासिंग शिकव, तुझ्याइतकं पासिंग कुणाला कळतं. तो फुशारेल आणि शिकवेल. आणि पोरांच्या आयांना मात्र खरं कारण सांग.

मी डिसेंबरात येतोय, तिकीट काढलंय. वहिनींना अजून बोललो नाही, तू बोल.

आणि एक काम कर. ती फायनल लिहून काढ. पहिल्या शिट्टीपासून, तुला जसं आठवतं तसं. तू मागं गोलात होतास, सगळं मैदान तुझ्यासमोर होतं, माझ्यापेक्षा तूच नीट पाहिलंस. मी आलो की आपण दोघं बसून दादाला वाचून दाखवू. तो गोल माझ्या पळत टाकलेल्या क्रॉसवर झाला असं मी चाळीस वर्षं म्हणतोय आणि तू म्हणतोस, डावीकडचा कॉर्नर होता. तू कॉर्नर लिही. मी मध्ये बोलणार नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
राजा