चिपीला आधी लोडर आणा

संपादक महोदय,

आंब्याचा हंगाम आला की ‘चिपीहून हापूस थेट आखातात’ ही मागणी आमच्या सिंधुदुर्गात दरवर्षी निघते. मी देवगडचाच, घरची थोडी कलमं आहेत, तेव्हा असं झालं तर मला हवंच आहे. पण २८ वर्षं मुंबईत विमानतळाच्या रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहून माल चढतो-उतरतो त्या जागेवर काढली. त्यामुळे कुणी धावपट्टीचं कौतुक सांगू लागलं की मी विचारतो, लोडर, म्हणजे माल विमानाच्या दारापर्यंत उचलणारं यंत्र, आहे का?

चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, धावपट्टी २,५०० मीटरची. विमान उतरेल हो! पण ७४७ सारख्या मालवाहू विमानाचा मुख्य डेक जमिनीपासून पाचेक मीटर उंच असतो. तिथवर पॅलेट, म्हणजे माल रचून बांधलेली धातूची पाटी, न्यायचं तर हाय लोडर लागतो, फोर्कलिफ्टचं ते काम नाही. शिवाय डॉली (पॅलेट वाहणारी गाडी), ग्राउंड पॉवर (उभ्या विमानाला वीज), त्या जातीच्या विमानाला बसणारा टो-बार (विमान ओढायचा दांडा) आणि कुठलं पॅलेट कुठे जाईल ते ठरवणारा माणूस. शेपटीकडे वजन जास्त झालं तर नाक वर उचललं जातं. हे हसण्यावारी नेऊ नका, म्हणून तर शेपटीखाली टेकू लावतात. बरं, एटीआर या छोट्या प्रवासी विमानाने पाठवू म्हटलं तर त्यात कंटेनर बसत नाही, पेट्या एकेक हाताने रचायच्या.

एकदा मे महिन्यात आमच्या लोडरचं हायड्रॉलिक गेलं. दुसरा लोडर दुसऱ्या विमानाला लागलेला. चार पॅलेट्स दोन तास उन्हात. वर प्लास्टिक, त्यावर जाळी, आत हापूस. जाळी सोडली तेव्हा आलेला वास मला अजून आठवतो. विमान तर वेळेवर आलं होतं.

आठवड्याला एका चार्टरसाठी चिपीत एवढी सामग्री कोण ठेवील? त्यापेक्षा बांद्याच्या पलीकडे गोव्याचा मोपा विमानतळ आहे. गोव्यात परदेशी पर्यटकांची चार्टर विमानं ऑक्टोबर ते एप्रिल येतात. ती थांबतात तेव्हा आपला आंबा भरात असतो. तिथली सामग्री आणि हात सैल होतात त्याच दिवसांत आपल्याला हवेत. वातानुकूलित ट्रक, कस्टम्सची वेळ आणि हँडलिंग एजन्सीशी हंगामाआधी करार, एवढं जुळवलं तरी पुष्कळ. (अमेरिकेच्या मालाची गोष्ट वेगळी. विकिरणाशिवाय, म्हणजे किडीसाठी किरणांचा मारा केल्याशिवाय, तो जातच नाही, त्यासाठी वाशीच्या विकिरण केंद्राची वारी आहेच.)

चिपीची मागणी सोडा असं मी म्हणत नाही. फक्त पुढच्या निवेदनात एक ओळ घाला: लोडर कुणाचा, आणि आंबा संपल्यावर उरलेले नऊ-दहा महिने तो काय उचलणार?

– एक निवृत्त रॅम्प सुपरवायझर, डोंबिवली (पूर्व)